लॉग ‘एन्क्रिप्टेड’ आहेत, पण नक्की कोणापासून? क्लाउड लॉगिंगच्या डिफॉल्ट सेटिंगबद्दल मदत हवी आहे

केतकीचं बन | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. विषय तांत्रिक आहे, पण इथे क्लाउडवर काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून मुद्दाम इथेच विचारते आहे.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत बॅकएंडचं काम बघते. आम्ही एकूण बावीस जण. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट तयार झाला की तो रुग्णाच्या मोबाईलवर पोचवायचा, हे आमचं काम. सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये आहे आणि लॉग, म्हणजे यंत्रणेत काय काय घडलं याच्या ओळी, क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्याच सेवेत जातात. मागच्या आठवड्यात एका हॉस्पिटलकडून सुरक्षेची प्रश्नावली आली. त्यात एक प्रश्न होता, ‘तुमचे लॉग साठवलेल्या जागी एन्क्रिप्ट केलेले असतात का?’ मी ‘हो’ लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. क्लाउडवॉचमधले लॉग कोणी काहीही न करता एन्क्रिप्ट होतातच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात साठतात, त्यामुळे विचार करावा असं काही वाटलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी एकच रिपोर्ट दोनदा जात असल्याची तक्रार आली. तपासायला लॉग इनसाइट्स हे लॉगमध्ये शोधायचं साधन उघडलं आणि माझाच नंबर टाकून शोध घेतला, कारण चाचणीसाठी आम्ही आपापलेच नंबर वापरतो. तारखेची मर्यादा चुकून काही वर्षांची लावली गेली. चाचणीच्या ओळी आल्या आणि त्यांच्या खाली एक जुनी ओळ आली. पेशंटचं नाव, वय ५८, मोबाईल नंबर माझा, चाचणी थायरॉइड प्रोफाइल, आणि शेवटी रिपोर्टची अख्खी लिंक, टोकनसकट, म्हणजे ती उघडणाऱ्या गुप्त कोडसकट.

ती माझी आई होती. तीन वर्षांपूर्वी तिची रक्ततपासणी झाली तेव्हा लॅबमध्ये नंबर माझा दिला होता. मी ती लिंक उघडली. लॉगिन विचारलं नाही, ओटीपी विचारला नाही, सरळ पीडीएफ समोर आली.

माझ्या समोरच्या खुर्चीवर चार दिवसांपूर्वी रुजू झालेला मुलगा बसला होता. त्याच्या खात्यालाही हे सगळे लॉग वाचायची परवानगी आहे. ती मीच दिली होती, तयार मिळते ती ‘रीड ओन्ली’ पॉलिसी जोडून. मुलगा चांगला आहे, त्याच्यावर माझा काही आरोप नाही. पण तीन दिवस झाले, माझ्या डोक्यातून एक प्रश्न जात नाही. ते लॉग एन्क्रिप्टेड होते म्हणजे नक्की कोणापासून लपलेले होते? आणि आम्ही स्वतःची केएमएस किल्ली (ॲमेझॉनच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेतली) लावली तर यात काही फरक पडला असता का?

---

शेवंती | सोमवार, रात्री ११:१२

आधी त्या लिंका बंद करा, बाकीची चर्चा नंतर. टोकनला मुदत नसेल तर लॉगमधली प्रत्येक ओळ म्हणजे एकेका माणसाच्या रिपोर्टची उघडी किल्ली आहे.

---

कातळकडा | मंगळवार, सकाळी ७:३५

शेवंतीताईंशी पूर्ण सहमत. आज ऑफिसला गेल्यावर पहिलं काम तेच करा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. मी चौदा-पंधरा वर्षं प्लॅटफॉर्मचंच काम करतो आहे आणि हा गैरसमज मी मोठ्या मोठ्या कंपन्यांत पाहिला आहे, तेव्हा तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.

क्लाउडवॉच लॉग डिस्कवर जाताना २५६ बिटच्या एईएसने एन्क्रिप्ट होतात, हे खरं. त्यामुळे डेटा सेंटरमधून डिस्क चोरीला गेली, भंगारात गेली, दुरुस्तीला गेलेल्या यंत्रातून कोणी काढून घेतली, तर चोराच्या हाती काही लागत नाही. पण डिस्क चोरणारा माणूस तुमच्या वाटेला येण्याची शक्यता किती? तुमचे लॉग वाचणारा माणूस येतो कन्सोलमधून, म्हणजे क्लाउडच्या वेबपानावरून. त्याच्या खात्याला परवानगी असते आणि परवानगी आहे म्हटल्यावर सेवा स्वतःच डेटा उलगडून त्याच्यासमोर ठेवते. त्या वाटेवर एन्क्रिप्शन आडवं येतच नाही, कारण ते त्या वाटेसाठी ठेवलेलंच नाही.

स्वतःची किल्ली लावली तरी हा भाग तसाच राहतो. किल्लीच्या पॉलिसीमध्ये आपण परवानगी देतो ती क्लाउडवॉच लॉग्सच्या सेवेला. ती मागणी आली की उलगडून देते. मग स्वतःच्या किल्लीचा उपयोग काय? उपयोग आहे, फक्त वेगळा आहे. किल्ली बंद केली की तिने एन्क्रिप्ट झालेल्या ओळी थोड्याच वेळात वाचता येईनाशा होतात. खातं फुटल्याचा संशय आला तर हे हत्यार फार मोलाचं आहे. किल्लीला कोणी हात लावला याची नोंद क्लाउडट्रेलमध्ये (कोणी काय केलं हे टिपणारी सेवा) पडते. आणि किल्ली कोणाच्या ताब्यात आणि लॉग कोणाच्या ताब्यात, हे दोन वेगळे लोक ठेवता येतात.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. किल्ली जोडली की त्यानंतर येणाऱ्या ओळीच तिने एन्क्रिप्ट होतात, जुन्या ओळी जशा होत्या तशा राहतात. आणि पुढे कधी किल्ली काढून टाकली, तरी मधल्या काळातल्या ओळींना तीच किल्ली लागते. मी एकदा ‘आता वापरात नाही’ म्हणून एक किल्ली पुसायला लावलेली पाहिली आहे. सुदैवाने केएमएस किल्ली लगेच पुसत नाही, सात ते तीस दिवस थांबतं आणि आपण आकडा दिला नाही तर तीसच दिवस थांबतं. त्या तीस दिवसांत लक्षात आलं म्हणून चार महिन्यांचे लॉग बचावले.

तुमच्या आईची ओळ तीन वर्षं तिथे का होती, हा मला यातला जास्त महत्त्वाचा प्रश्न वाटतो. त्याचं उत्तर सोपं आहे. क्लाउडवॉच लॉग ग्रुपची, म्हणजे लॉग साठवण्याच्या कप्प्याची, डिफॉल्ट मुदत ‘नेव्हर एक्स्पायर’ (कधीच संपत नाही) असते. लॅम्डाने (आपला कोड चालवणारी ॲमेझॉनची सेवा) पहिल्यांदा लॉग लिहिला की ग्रुप आपोआप तयार होतो आणि तोही असाच, कायमचा. कोणी ठरवून ठेवलं नव्हतं. पुसायचं कोणी ठरवलं नाही, म्हणून राहिलं.

---

रानवाट | मंगळवार, दुपारी २:०५

मी म्युनिकला असतो, आमचं काम गुगल क्लाउडवर चालतं. तिकडची डिफॉल्ट वेगळी आहेत म्हणून लिहितो.

गुगलच्या क्लाउड लॉगिंगमध्ये प्रत्येक प्रोजेक्टला दोन बकेट, म्हणजे साठवणीच्या जागा, आपोआप मिळतात. एक ‘रिक्वायर्ड’. त्यात ॲडमिन ॲक्टिव्हिटीसारखे ऑडिट लॉग (कोणी कोणती सेटिंग बदलली याच्या नोंदी) जातात, ४०० दिवस राहतात आणि ती मुदत आपल्याला बदलताच येत नाही. दुसरी ‘डिफॉल्ट’, तिची मुदत ३० दिवस, आणि ती कमीजास्त करता येते. म्हणजे कोणी काहीही केलं नाही तर ॲप्लिकेशनचे लॉग महिन्याने जातात. केतकीताईंच्या बाबतीत जे झालं ते इथे आपोआप झालं नसतं. कोणी काहीच ठरवलं नाही तर काय व्हावं, हे इथे आधी ठरवून ठेवलं आहे, आणि मला ती पद्धत पटते.

पण तिथेही खाचा आहेतच. या बकेटचं ठिकाण डिफॉल्टने ‘ग्लोबल’ असतं आणि बकेट तयार झाल्यावर ठिकाण बदलता येत नाही. आमच्याकडे ग्राहकाने ‘लॉग युरोपाबाहेर जाता कामा नयेत’ म्हटलं तेव्हा प्रोजेक्ट दोन वर्षांचे झाले होते. नव्या बकेट काढून सिंक, म्हणजे लॉग कुठे जातात हे ठरवणारे नियम, वळवावे लागले. ऑर्गनायझेशनच्या पातळीवर ठिकाण आणि किल्ली दोन्ही आधीच ठरवून ठेवता येतात, पण ते लागू होतं त्यानंतर तयार होणाऱ्या प्रोजेक्टना. जुन्यांना कोणी हात लावत नाही.

दुसरी खाच मला जास्त गंभीर वाटते. डेटा कोणी वाचला याच्या नोंदी, म्हणजे ‘डेटा ॲक्सेस’ ऑडिट लॉग, बिगक्वेरी ही डेटा-विश्लेषणाची सेवा सोडता बाकी सगळीकडे डिफॉल्टने बंद असतात. म्हणजे तुमच्या आईची ओळ याआधी कोणी पाहिली का, याचं उत्तर इथेही मिळालं नसतं, जर आधी कोणी ते चालू केलं नसेल तर.

---

केतकीचं बन | मंगळवार, रात्री ९:२०

शेवंतीताई, कातळकडा, खूप आभार. लिंका आज दुपारीच बंद केल्या. आता टोकन ७२ तासांनी मरतं आणि उघडताना ओटीपी लागतो. जुनी सगळी टोकनं रद्द केली.

रानवाट, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबले. ‘याआधी कोणी पाहिली का’ हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

---

घाटमाथा | बुधवार, सकाळी ९:४५

थोडं वेगळं मत मांडतो. आमची सहा जणांची कंपनी आहे. स्वतःची किल्ली, मास्किंग (लॉगमधली खाजगी माहिती झाकणं), वेगळं ऑडिट खातं, प्रत्येक गोष्टीला पैसे आणि वेळ लागतो. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडमध्ये लॉग ॲनालिटिक्स या लॉगच्या सेवेला स्वतःची किल्ली लावायची तर डेडिकेटेड क्लस्टर, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखलेली यंत्रणा, घ्यावी लागते, आणि त्याची सुरुवातच रोजच्या १०० जीबीच्या बांधिलकीने होते. आमचे लॉग दिवसाला दोन जीबीसुद्धा भरत नाहीत. आम्ही काय करायचं? एवढ्या मोठ्या कंपन्यांनी सुरक्षित सेटिंग आधीच लावून द्यायला हवीत. ती शोधून काढणं छोट्या माणसाचं काम असू नये.

---

कातळकडा | बुधवार, सकाळी १०:३०

घाटमाथा, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. त्याचा एक पुरावा २०२३चा आहे. चीनमधल्या एका गटाने मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या अमेरिकी सरकारी मेलबॉक्स वाचल्या. हे पकडलं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने, मेल कोणी उघडली याची नोंद ठेवणाऱ्या लॉगमधून. पण ती नोंद फक्त महागड्या परवान्यात मिळत होती. ज्यांच्याकडे साधा परवाना होता त्यांना घरात कोणी शिरलंय हे दिसायची सोयच नव्हती. त्यावरून मोठी टीका झाली. मग मायक्रोसॉफ्टने त्यातल्या बऱ्याच नोंदी साध्या परवान्यातही दिल्या आणि साध्या ऑडिटची डिफॉल्ट मुदत ९० दिवसांवरून १८० दिवसांवर नेली. डिफॉल्ट काय असावं हे ओरड झाल्याशिवाय बदलत नाही, हे मी वारंवार पाहिलं आहे. म्हणून ओरडत राहिलं पाहिजे.

पण सहा जणांच्या कंपनीने आज काय करायचं? मुदत लावायला एक पैसाही लागत नाही, उलट बिल कमी होतं. लॉग कोणी वाचावेत याची यादी आखडायला पैसे लागत नाहीत. ओळीत काय लिहायचं हे ठरवायला पैसे लागत नाहीत. ॲमेझॉनवर स्वतःची किल्ली महिन्याला एक डॉलरला पडते, वर वापराचे थोडे. मास्किंगला मात्र दर जीबीमागे पैसे आहेत, ते शेवटी बघा. माझ्या मते किल्ली ही या यादीत खाली येते. प्रश्नावलीत तीच पहिली विचारतात, म्हणून आपल्याला ती पहिली वाटते.

---

पंचगंगाकाठ | बुधवार, रात्री ८:१५

कोल्हापुरातून लिहितोय. आमच्याकडे बरीच वर्षं लॉग स्वतःच्याच इलास्टिकसर्चमध्ये (लॉग साठवून त्यात शोधायचं सॉफ्टवेअर) जात. त्या वाटेने जाणाऱ्यांसाठी थोडं सांगतो.

आवृत्ती ८ येईपर्यंत, म्हणजे २०२२च्या फेब्रुवारीपर्यंत, इलास्टिकसर्च बसवलं की पासवर्ड नसायचा आणि टीएलएस, म्हणजे वाटेतला मजकूर एन्क्रिप्ट करणारी सोय, तीही नसायची. पासवर्डची साधी सोयसुद्धा २०१९च्या मेपर्यंत पैसे देऊनच मिळायची. डिफॉल्टने ते फक्त स्वतःच्याच यंत्रावर ऐकायचं, तेवढं एक कुंपण होतं. पण अनेक यंत्रांचा क्लस्टर करायचा म्हटलं की ते कुंपण काढावंच लागायचं. इंटरनेटवरचे धडे सांगायचे, पत्ता ०.०.०.० टाका म्हणजे चालेल. चालायचं. आणि ९२०० पोर्ट, म्हणजे इलास्टिकसर्चचं दार, जगाला उघडं व्हायचं.

२०१९मध्ये एका ग्राहकाकडे मी हेच केलं. माझ्याच हाताने. क्लाउडच्या फायरवॉलमध्ये ते पोर्ट ‘तात्पुरतं’ उघडलं, कारण दुसऱ्या शहरातल्या माणसाला डॅशबोर्ड बघायचा होता. अकरा दिवस ते तसंच राहिलं. बाराव्या दिवशी सकाळी सगळे इंडेक्स, म्हणजे लॉगचे साठे, गायब आणि एकच नवा इंडेक्स, त्यात पैसे मागणारा मजकूर. लॉग गेले याचं दुःख नव्हतं. त्या लॉगमध्ये ग्राहकाच्या ग्राहकांचे पत्ते होते, आणि ते कोणाकडे गेले हे आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही. मालकांना फोन करून सांगितलं तो दिवस मी विसरू शकत नाही. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “आता लोकांना काय सांगायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्याच वर्षी, २०२०च्या जुलैमध्ये, उघडे इलास्टिकसर्च आणि मोंगोडीबी डेटाबेस शोधून त्यातला सगळा डेटा पुसणारा ‘म्याव’ हल्ला झाला. आवृत्ती ८ बसवताना ती आपणहून पासवर्ड आणि सर्टिफिकेट तयार करते हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मनातून बरं वाटलं. हे आधी झालं असतं तर कितीतरी जणांचं वाचलं असतं.

अवांतर: राउटर आणि स्विच अजून सिसलॉग या जुन्या पद्धतीने, ५१४ पोर्टवरून यूडीपीने लॉग पाठवतात. तो मजकूर साधा, उघडा जातो. टीएलएसवरचा सिसलॉग ६५१४ वर आहे, त्याचं प्रमाण २००९पासून लिहून ठेवलेलं आहे. क्लाउडमध्ये पोचल्यावर एन्क्रिप्ट होतं, पण पोचेपर्यंतचा रस्ताही बघा.

---

नवखा प्रवासी | बुधवार, रात्री ८:५०

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रश्न कदाचित साधा असेल. लॉगमध्ये पेशंटची एवढी माहिती येतेच कशी? कोणी मुद्दाम लिहितं का?

---

केतकीचं बन | बुधवार, रात्री १०:०५

प्रश्न साधा नाही, मला त्याचं उत्तर शोधायला अख्खा दिवस लागला. कोणी मुद्दाम लिहिलेलं नव्हतं.

आमचं काम जावामध्ये आहे. पेशंटच्या क्लासवर, म्हणजे माहितीच्या साच्यावर, लॉम्बॉक या लायब्ररीचं ‘डेटा’ अॅनोटेशन आहे. ते लावलं की क्लासचं टू-स्ट्रिंग, म्हणजे मजकुरातलं रूप, आपोआप तयार होतं आणि त्यात सगळी फील्ड येतात. लॉगची ओळ लिहिणाऱ्याने लिहिलं होतं एवढंच, ‘रिपोर्ट पाठवला’ आणि पुढे कंसात पेशंट. त्याच्या डोळ्यासमोर एक शब्द होता, लॉगमध्ये उतरला अख्खा माणूस. आणि गंमत नाही, चीड येण्यासारखी गोष्ट म्हणजे सुरुवातीला त्या क्लासमध्ये फक्त आयडी आणि मोबाईल होते. नाव, वय, चाचणी, लिंक पुढच्या दोन वर्षांत एकेक करून आले. लॉगची ओळ कोणी बदललीच नाही, ती आपोआप मोठी होत गेली.

आता टू-स्ट्रिंगमध्ये फक्त आतला आयडी येतो. बाकीची फील्ड वगळायची नाहीत, तर हवी तेवढीच निवडून घ्यायची असं ठरवलं. वगळायची यादी केली तर उद्या नवं फील्ड येईल तेव्हा ते पुन्हा लॉगमध्ये जाईल.

---

कातळकडा | बुधवार, रात्री १०:४०

अगदी बरोबर. नवखा, हे तुम्ही आत्ताच लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडेल. २०१८च्या मेमध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदला म्हणून सांगितलं होतं. पासवर्ड डेटाबेसमध्ये व्यवस्थित हॅश करून, म्हणजे मूळ शब्द परत काढता येऊ नये अशा रूपात, ठेवलेले होते. पण हॅश होण्याआधी ते एका आतल्या लॉगमध्ये लिहिले जात होते. फेसबुकनेही २०१९मध्ये कोट्यवधी पासवर्ड आतल्या यंत्रणेत साध्या मजकुरात सापडल्याचं मान्य केलं. त्यासाठी आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने सप्टेंबर २०२४मध्ये ९.१ कोटी युरोंचा दंड केला. जगातले उत्तम अभियंते, उत्तम डेटाबेस, आणि पाणी गळलं ते लॉगमधून. डेटाबेसला आपण तिजोरी मानतो. लॉगला कोणी काही मानत नाही.

केतकी, क्लाउडवॉचमध्ये नोव्हेंबर २०२२पासून डेटा प्रोटेक्शन पॉलिसी आहे. ईमेल, कार्ड नंबर वगैरे ओळखून ती झाकते, आणि दहा आकडी मोबाईलसाठी आपण स्वतःचा नमुना लिहून देऊ शकतो. झाकलेलं बघायला ‘अनमास्क’ ही वेगळी परवानगी लागते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे दिसतं, कारण हे समोरच्या खुर्चीवरच्या माणसापासून झाकतं. पण ही पॉलिसीसुद्धा लावल्यानंतरच्याच ओळी झाकते. आणि नमुना चुकला तर ओळ उघडीच जाते. कोडमधलं काम आधी, ही मागची जाळी.

---

तळटीप | गुरुवार, सकाळी ११:००

मी कंपन्यांचं अनुपालनाचं, म्हणजे कायदे-नियम पाळण्याचं, काम पाहते. मुदतीबद्दल लिहायलाच हवं, कारण हे वाचून कोणीतरी उद्या सगळ्या लॉगना सात दिवसांची मुदत लावेल आणि अडचणीत येईल.

सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश आहेत. सगळ्या आयटी यंत्रणांचे लॉग चालू १८० दिवसांचे सुरक्षित ठेवायचे. घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. यंत्रांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. लॉग भारतात ठेवायचे असं निर्देशात आहे. नंतर आलेल्या प्रश्नोत्तरांत, मागितले तर वाजवी वेळेत देता येत असतील तर बाहेर ठेवले तरी चालतील असं स्पष्ट केलं. नोव्हेंबर २०२५मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम आले. सुरक्षेसंबंधीच्या तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. त्यांत एन्क्रिप्शन आणि मास्किंगचा उल्लेख आहे, आणि गैरवापर शोधता यावा म्हणून लॉग किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे. वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

म्हणजे लॉग ठेवायचे आहेतच. कोण आत आलं, कुठून आलं, कशाला हात लावला, हे ठेवायचं. ‘पेशंटला थायरॉइड आहे’ हे त्यात ठेवा असं कोणताही कायदा म्हणत नाही. दोन्ही एकाच लॉग ग्रुपमध्ये मिसळलेले असतात तेव्हाच ठेवू की पुसू असा पेच पडतो. आधी ते वेगळे करा.

---

घाटमाथा | गुरुवार, दुपारी १२:२०

खरं सांगतो, काल रात्री मी सात दिवसांची मुदत लावायचंच ठरवलं होतं. तळटीप, वेळेवर लिहिलंत. धन्यवाद.

---

रानवाट | गुरुवार, दुपारी ४:३०

ज्यांनी लॉग ठेवायचे त्यांनी ते कोणी बदलू शकणार नाही हेही बघावं. क्लाउडट्रेल कन्सोलमधून सुरू केला तर फाइलची शहानिशा करणारी सोय डिफॉल्टने चालू असते आणि सगळी रीजन धरली जातात. तोच ट्रेल कमांड लाइनवरून काढला तर शहानिशा बंद आणि रीजन एकच. सेवा एकच, दारं दोन, आणि डिफॉल्ट वेगळी. आमच्याकडे सगळं स्क्रिप्टने चालतं, म्हणजे आम्ही नेहमी कमी सुरक्षित दारातूनच आत गेलो होतो.

---

केतकीचं बन | पुढच्या बुधवारी, रात्री ९:४०

मंडळी, नऊ दिवसांचा हिशेब देते.

सगळ्या लॉग ग्रुपना टेराफॉर्ममधून (क्लाउडची सेटिंग कोडने लावणारं साधन) मुदत लावली. लॅम्डाने आधीच आपोआप तयार केलेले ग्रुप होते, त्यामुळे ‘आधीच अस्तित्वात आहे’ अशी चूक येत होती. एकसष्ट ग्रुप एकेक करून आत घ्यावे लागले. आता ॲप्लिकेशनचे आणि प्रवेशाचे लॉग वेगळ्या ग्रुपमध्ये जातात. ॲप्लिकेशनचे १८० दिवस, प्रवेशाचे एक वर्ष. ‘रीड ओन्ली’ पॉलिसी सगळ्यांची काढली. प्रॉडक्शनचे लॉग वाचायची परवानगी आता तिघांना आहे आणि ती मागितल्यावर चार तासांसाठी मिळते. स्वतःची किल्लीही लावली, पण ती सगळ्यात शेवटी. मुदत लावल्यावर जुन्या ओळी जायला ७२ तासांपर्यंत वेळ लागतो. चौथ्या दिवशी माझा नंबर पुन्हा शोधला. आईची ओळ नव्हती.

मग पंचगंगाकाठ यांचं लिहिणं आठवलं आणि वाटलं, हे लॉग अजून कुठे जातात ते बघू. २०२१ आणि २०२२मध्ये कोणीतरी बिल वाचवायला क्लाउडवॉचचे लॉग एस-थ्री या ॲमेझॉनच्या फाइल साठवणीतल्या एका बकेटमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवले होते. तो माणूस कंपनी सोडून गेला. बकेट राहिली.

एस-थ्रीमध्ये नव्या वस्तू आपोआप एन्क्रिप्ट व्हायला लागल्या ५ जानेवारी २०२३पासून. पब्लिक ॲक्सेस रोखणारी सेटिंग नव्या बकेटना डिफॉल्टने मिळायला लागली २०२३च्या एप्रिलपासून. आमची बकेट त्याआधीची. ती जगाला उघडी नव्हती, हे मी तीनदा तपासलं. पण रोखणारी सेटिंग लावलेली नव्हती, आणि त्यातल्या फाइल एन्क्रिप्टेड नव्हत्या. एकही नव्हती. म्हणजे प्रश्नावलीत मी जो ‘हो’ लिहिला होता, तो अगदी शब्दशः घेतला तरी खरा नव्हता.

सोमवारी हॉस्पिटलच्या सुरक्षा अधिकारी बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. लेखी उत्तरही बदललं. आधी एक शब्द होता, आता तिथे एक परिच्छेद आहे. लॉगमध्ये काय लिहितो, कोण वाचू शकतं, किती दिवस राहतं, कोणत्या प्रती कुठे आहेत आणि जुन्या बकेटमध्ये काय सापडलं. बाई म्हणाल्या, “हे उत्तर मला इतरांकडूनही हवंय, पण आमचा प्रश्नच तसा नाही.” पुढच्या वेळी प्रश्न बदलून विचारणार आहेत.

---

शेवंती | बुधवार, रात्री १०:१०

फोन केलात हे फार चांगलं केलंत. जुन्या फाइल आता एन्क्रिप्ट केल्या का? त्याच जागी पुन्हा कॉपी केल्या तर होतात.

---

केतकीचं बन | बुधवार, रात्री १०:३५

नाही, तळटीप यांच्याशी बोलून पुसायच्याच ठरवल्या. १८० दिवस केव्हाच उलटलेत, एक वर्षही उलटलंय, त्यात ठेवण्यासारखं काही नाही.

---

कातळकडा | बुधवार, रात्री १०:५२

पुसताना बकेटचं व्हर्जनिंग चालू आहे का ते बघितलंत ना? चालू असेल तर नुसतं डिलीट केल्याने वर एक खूण बसते आणि जुनी आवृत्ती खाली तशीच राहते.

---

केतकीचं बन | शुक्रवार, सकाळी ८:२५

चालू होतं. कन्सोलमध्ये बकेट रिकामी दिसत होती आणि ‘आवृत्त्या दाखवा’ केल्यावर सगळ्या फाइल होत्या तिथेच. जुन्या आवृत्त्या पुसणारा लाइफसायकल नियम काल पहाटे लावला. आत्ता पुन्हा उघडून पाहिलं, आवृत्त्या शून्य.